राखाडी

गवत ओलं होतं, हे मला माहीत होतं.
फेलिमलाही माहीत होतं.
पण लीट्रिममध्ये कोरडं गवत ही ऐकीव गोष्ट;
लागोपाठ तीन दिवस ऊन पडलं
तर माणसं एकमेकांकडे संशयानं बघतात.
आम्ही घाई केली. गासड्या बांधल्या,
शेडमध्ये पत्र्यापर्यंत रचल्या,
आणि त्यांच्या पुढ्यात, रोजच्या जागी, तिला उभी केली.

ओलं गवत आतल्या आत तापतं.
तीन-तीन आठवडे काही बोलत नाही.
(अशी माणसंही असतात. एकाशी मी लग्न केलंय.)

त्या पहाटे गाई बाहेर काढल्या, वासरू काढलं.
फेलिम पुन्हा आत निघाला
तेव्हा मी त्याला पायजम्याला धरून खेचला. नाडी तुटली.
कॅरिकहून बंब आला तेव्हा
एका हातानं पायजमा धरून
तो अंगणात उभा होता,
दुसरा हात नुसताच पुढे.

टायरांच्या जागी तारांची वेटोळी.
कार्ब्युरेटर वितळून जमिनीवर बशीएवढा.
कारखान्यातून आली तेव्हापासून राखाडीच ती,
त्यामुळे राख कुठे संपते
आणि ती कुठून सुरू होते
ते सकाळी बराच वेळ कळेना.

मग नेहमीचा पाऊस आला, उशिरा,
आणि दोन दिवसांत ती गंजून तांबडी झाली.
तांबड्या ट्रॅक्टरांना फेलिमनं जन्मभर नावं ठेवली.
तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

विम्याचा पोरगा आला, गुळगुळीत दाढीचा.
मॉडेलचं वर्ष?
एकोणपन्नास.
त्यानं पेन चावलं. किंमत शून्य लिहितो, चालेल ना?
फेलिम म्हणाला, चालेल.
मला त्या पोराच्या चहात मीठ घालावंसं वाटलं.

शेजारी आले, चांगलेच आहेत बिचारे.
गाय मेली तर काय बोलायचं ते सगळ्यांना येतं.
ट्रॅक्टरचं कुणाला येत नाही.
डोनलने सांगितलं, मोहिलला एक आहे,
अगदी हाच रंग, पाचशेला देतील.
रंग हाच, असं म्हणून फेलिमनं खिडकी लावून घेतली.

चौथ्या दिवशी पॅकी गॅलॉग्ली आला,
ब्याऐंशी वर्षांचा, दोन मैल चालत,
मयताला घालायचा काळा कोट घालून.
दारातच टोपी काढली, हात पुढे केला
आणि म्हणाला, तुझ्या दुःखात आहे, फेलिम.
इथं हे वाक्य फक्त माणसांसाठी असतं.
फेलिमनं तो हात दोन्ही हातांत धरला.
येऊन बरं केलंस, म्हणाला,
आणि मला म्हणाला, चहा टाक.
चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं त्यानं.

तिला चालू करायची रीत न्यारी होती.
गिअरचाच दांडा 'एस'वर न्यायचा,
की ती आधी खोकायची, मग नाइलाजानं राजी व्हायची.
आता जेवताना त्याचा हात
मिठाची बरणी उगीच पुढे ढकलतो
आणि थांबतो. कान देतो.
मी बरणी मागे घेते. बोलत नाही.

चाळीस वर्षं मी तिला सवत म्हणत आले.
खोटं नाही सांगत, तिच्यावर जळले मी,
आणि शेवटी जळली ती.
चर्चमधून पहिल्यांदा या घरी आले
ती तिच्याच मडगार्डवर बसून, डोईवरची जाळी एका हातानं सावरत;
झग्याला ग्रीस लागलं, तळहाताएवढं.
माझी आई आठ दिवस रडली.
लिंबू घासलं, सोडा घासला, रॉकेलही लावून पाहिलं.
गेलं नाही.

काल फेलिम गाईंकडे गेल्यावर
माडीवरची पेटी उघडली.
कापड पिवळं पडलंय. डाग आहे.
नाक लावलं, तर वास नव्हता,
की होता, मला नक्की सांगता येणार नाही.
घडी घालून परत ठेवला.
त्याला अजून बोलले नाही.