त्रेचाळिसावा पेला

गंगावेशीतल्या पानवाल्याकडून दहा रुपयांचा चुना घेतला.
"बाई, तुम्ही कधीपासून?" म्हणून तो हसला.
रात्रभर पातेल्यात निवळू दिला,
सकाळी वरची निवळी अलगद ओतून घेतली.
पाणीच म्हणाल तुम्ही.

आठवी ब. त्रेचाळीस पोरं, त्रेचाळीस पेले,
बेचाळिसांत नळाचं पाणी, एकात निवळी.
तो कुठला, ते मलाही कळू नये
म्हणून डोळे मिटून ट्रे फिरवला.

फळ्यावर लिहिलं : लागण.
"म्हणजे काय, कोण सांगेल?"
मागच्या बाकावरून सुशांत चौगुले उठला,
"आडसाली जुलैत, बाई. पूर्वहंगामी ऑक्टोबरात."
वर्ग फुटला. मीही हसले.
तसं फार चुकलं नव्हतं त्याचं :
एक कांडी मातीआड होते,
आणि वर्षानं त्या सरीत माणूस शिरला तर दिसत नाही.

खेळ सोपा. घंटा वाजली की एक जोडीदार शोधायचा,
आपलं पाणी त्याच्यात, मग निम्मं परत आपल्यात,
वहीत त्याचं नाव.
पाच वेळा घंटा वाजली.
पोरं बाकांवरून उड्या मारत होती,
"ए भावा, माझ्याशी कर की!"
"न्हाई, मी मेहजबीनला आधीच सांगितलंय."
असा गोंगाट आमच्या शाळेत
गॅदरिंगलासुद्धा होत नाही.

मग मी हळदीच्या पाण्याचा ड्रॉपर घेऊन फिरले.
एकेक थेंब. पिवळा. पिवळा. लाल.
"आयला," कुणीतरी म्हणालं, आणि जीभ चावली.
लाल. लाल. पिवळा. लाल.
"कुंकू असंच करतात की ओ बाई!"
असंच करतात.
मोजले, तर सत्तावीस.

आता पोरांत पोलीस शिरले.
"कुणी आणलं? कुणामुळं झालं?"
वह्या उघडल्या, नावांमागं नावं लावली,
पाचव्या घंटेवरून चौथीवर, चौथीवरून तिसरीवर,
आणि शेवटी उरल्या दोघीच :
मेहजबीन शिकलगार आणि ऐश्वर्या पोवार,
पहिल्याच घंटेला एकमेकींच्या पेल्यात.
"पण दोघींतली कोण?"
मी म्हटलं, वही याच्या मागं जात नाही.
दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

आमच्या घरातली वहीसुद्धा तिथंच थांबली होती
त्या उन्हाळ्यात. मी, की ते.
हे मी वर्गात सांगितलं नाही.

"बाई, नागेशचा बघा, पिवळाधमक!"
"जिंकला गा नागेश!"
नागेश डवरी हसला, जिंकल्यावर हसतात तसा नाही.
त्याची वही पाहिली. तारीख. विषय.
एक ते पाच आकडे, पुढं काही नाही.
त्रेचाळीस विषम असतात,
दर घंटेला एक उरतो.
पण पाचही वेळा एकच?
त्याचे वडील त्या साली पंचगंगेच्या घाटावर
पांढऱ्या किटमध्ये रात्रंदिवस उभे होते.
गल्लीनं तेव्हा त्यांचं दूध बंद केलं.
पुढं दूध सुरू झालं असेल.

साथ म्हणजे काय, हेही मी फळ्यावर लिहिणार होते.
नाही लिहिलं. तास संपत आला होता.

सुट्टीत सगळी वडापावच्या गाड्यावर पळाली.
मी पेले विसळत होते, बोटं लाल झालेली.
नागेश दारातच उभा.
"बाई, पाच ओळी रिकाम्या ऱ्हायल्या. काय लिहू?"

आधी घ्यायला हवा होता तो चव्वेचाळिसावा पेला
मी आता घेतला, नळाखाली भरला,
त्याच्या पेल्यात ओतला, निम्मा परत घेतला.
थोडं पाणी त्याच्या चपलेवर सांडलं.
"घंटा?" त्यानं विचारलं.
मी टेबलावर डस्टर आपटलं.

मग त्यानं पाचही ओळी सोडून
खाली सहावा आकडा काढला
आणि सावकाश लिहिलं,
"सौ. माणगावकर बाई."
पहिलं अक्षर चुकलं होतं.
लाल पेन माझ्या हातात होतं.
मी टोपण लावलं.