माया

ओव्हन आईचा. आता त्यात केक भाजत नाही कुणी,
मी प्लास्टिकचे पांढरे पत्रे तापवतो.
लाकडी चौकटीत स्क्रूंनी आवळलेला पत्रा
दीड मिनिटात पोट सोडतो, मधोमध लोंबतो,
की लगेच, हात भाजायच्या आत,
प्लास्टरच्या साच्यावर दाबायचा,
खालून व्हॅक्यूम क्लीनर सुरू.
कुणीतरी दचकून श्वास घ्यावा तसा आवाज
आणि खांदा तयार.

पहिले तीन खांदे फाटले.
चौथा छान निघाला, पण तो डावा.
डावा माझ्याकडे होता.

टोलीडोत फेब्रुवारी म्हणजे गॅरेजमध्ये गोंद वाळत नाही.
काचेच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून येतो,
हीटर लावतो, कडा घासतो,
पांढरा भुगा भुवयांत, कॉफीत.
लोक विचारतात, हा शिपाई कुठल्या गोष्टीतला?
कुठल्याच नाही. अकराव्या वर्षी
भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर काढलेला,
तळ्याकाठच्या दीपगृहाचा पहारेकरी.
तो सडसडीत होता.
मी सेहेचाळीस, कंबर चव्वेचाळीस.

छातीची ढाल आणि पाठीची ढाल
बगलेखाली भेटेचनात.
मध्ये चार बोटं नुसता मी.

समोरच्या पिरोश्का सॉबॉदोश, वय एक्याऐंशी,
आयुष्यभर नवऱ्यामुलींचे झगे शिवलेल्या,
उघडं शटर बघून आत आल्या.
आधी ढालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
ओठ असे मिटलेले की जणू त्यांत टाचण्या आहेत.
"हात वर कर, वेंडेल."
केला.
टेप छातीभोवती फिरला, थंडगार.
डार्लीन गेल्यापासून
माझं माप कुणी घेतलं नव्हतं.

"कापडात माया ठेवता येते," त्या म्हणाल्या,
"शिवणीच्या आत, बोटभर.
माणूस सुटतं, पोटुशी राहतं,
उसवलं की जागा निघते.
याला कुठली माया?"
आणि नखाने ढाल वाजवली. टक टक.
खरं होतं. हे कापलं की कापलं.

मग टेप गुंडाळत, माझ्याकडे न बघता,
"लायोशचा कोट शेवटच्या वर्षी
चार वेळा आत घेतला मी.
तो कमी होत गेला, आणि आतली माया
वाढत वाढत इतकी झाली
की अस्तर बसेना."

हीटर घरघरत राहिला.
मी सँडपेपर शोधायला लागलो. तो हातातच होता.

"बगलेत कळी घालू," त्या म्हणाल्या.
काळं जाड इलॅस्टिक, तिरपं कापलेलं,
त्यांच्या मशीनवर दुहेरी टीप;
रिव्हेट मी ठोकले, सतरा, त्यांतले दोन वाकडे.
ते दोन त्यांनी अजून माफ केलेले नाहीत.
मांडीचा तुकडा गुडघ्यामागे चावत होता,
तिथे खडूने चंद्रकोर काढून दिली:
"एवढं खा." मी कापलं.
तरी अजून बसता येत नाही.
पहारेकऱ्याने बसायचं नसतंच, असं मी म्हणतो.

एक गोष्ट वहीत काढली नव्हती:
पाठीचा पट्टा आपला आपल्याला लागत नाही.
आरशात बघून, हँगरचा आकडा लावून, दाराच्या मुठीला अडकवून,
सगळं करून झालं.
हा एवढा तट, आणि त्याची कडी बाहेरून.

ऑक्टोबरातला शनिवार. मुलांसाठी ग्रंथालयात दुपारभर जत्रा.
सकाळी सातला त्या आल्या, घरातल्या चपलांवर,
पट्टा ओढला, कट्ट.
"श्वास घे."
घेतला. कळी ताणली, सैल झाली.
"हं."

गाडीत मावेना, म्हणून चालत निघालो.
शिरस्त्राणात वाफ धरलेली, समोरचं जग दुधाळ,
शेजारून त्यांची पिशवी कुरकुरत येते:
सुई, दोरा, गोंद, काळी चिकटपट्टी, एक सफरचंद.
कोपऱ्यावर कुत्रा फिरवणारा माणूस थबकला,
कुत्राही.
मी हात उंचावला, दीपगृहाच्या इतमामाने.
तो माझ्याकडे बघतच राहिला,
तेवढ्यात खालून, माझ्या कोपराच्या उंचीवरून,
"फिटिंग माझं आहे," असं ऐकू आलं.