जिरॅनियम

सोलरून दिवसभर उंदरांचे मेंदू तोलते.
एका गटाला डुकराची चरबी,
एकाला माशाचं तेल,
तिसरा नुसताच म्हातारा.
पाणी काढून घेतलं, ती सांगते,
तर उरतं ते निम्म्याहून जास्त तेलतूपच.
वय झालं की थिजत जातं
कुठे कुठे.

संध्याकाळी इसाफ्योर्दुरच्या वृद्धाश्रमात
ती बापाला चमचाभर कॉडचं तेल पाजते.
तो गालात धरून ठेवतो,
ती पडदा सारायला वळली की
कुंडीत थुंकतो.

तिचं नाव? आज नाही आठवत.
होडीचं आठवतं,
आणि त्या होडीच्या आधीच्या होडीचं.

सोलरून पानं पुसते. बोटांना वास.
काही बोलत नाही.
"यंदा फुललंय बघ," तो म्हणतो,
"कोण खाऊ घालतं याला?"