अंक त्रेचाळीस

माझं काम फुग्यांचं.
जत्रेतले नव्हेत, बोलण्याचे:
चित्रातली माणसं तोंड उघडत, शब्द मी भरायचो,
बारीक निबने, महिना अडीचशे रुपयांवर,
सातरस्त्याच्या गाळ्यात, खाली लेथ, वर आम्ही.

'अगस्त्ययान' म्हटलं की लोकांना पडदा आठवतो.
रविवारची मालिका, मग चार सिनेमे,
मग नातवंडांच्या फोनवर पुन्हा नव्याने.
कप्तानाची टोपी आठवते, ती शिट्टीसारखी धून आठवते.
त्याच नावाने त्रेचाळीस अंक आणि अकरा कादंबऱ्या निघाल्या,
त्या कुणाला आठवत नाहीत.
मेघाणी शेठच म्हणायचे, पोरं स्टिकरसाठी घेतात.

मालिकेत एक बाई होती. अकरा सेकंद.
यान फुटतं, बाई धावत येते,
जड दार बाहेरून ओढून घेते, यान वाचतं.
पुढच्या प्रसंगात कप्तान चहा पितो.
तिला नाव नव्हतं. श्रेयनामावलीत 'इतर'.

नाव रेडकरने दिलं. हौसा. पंपखात्यातली.
रेडकर भांडुपचा, मिठागरांच्या कडेला वाढलेला,
तिच्यासाठी चंद्र काढला तोही तसाच:
चौकोनी वाफे, पांढरे ढीग, वर काळं आकाश,
आणि लांबवर एक जाडजूड पाइप,
त्यावरून कुणीतरी चालत जातंय.
दारापलीकडे हौसा मेली नव्हती,
एवढीच आमची गोष्ट. अडतीस पानं.

नियम असा की आधी अक्षरं, मग भोवती फुगा.
मराठीला जागा लागते,
वेलांटीला डोक्यावर, उकाराला पायाशी.
रेडकरने घाईत फुगे आधीच काढून ठेवले
आणि शेवटच्या पानाची संहिता आलीच नाही.
लेखक कावीळ होऊन कस्तुरबात.
रात्रीचे दोन. मशीन थांबलेलं,
पास्कल मशीनमन दारात, विडी विझवून पुन्हा पेटवत.
चित्रात यान शेवटी त्या चंद्रावर उतरतं
आणि हौसा दाराला तोंड लावून काहीतरी विचारते.
काय विचारते?
मला आई आठवली, चाळीतली पहाटेची चारची वेळ,
नळाशी रांगेत झोपलेल्या पत्र्याच्या बादल्या.
लिहिलं: पाणी आलं?

अंक निघाला. खपला नाही.
चव्वेचाळिसावा निघालाच नाही.
मग कंपनी विकली गेली, नव्या मालकांनी पत्रक काढलं:
पडद्यावर घडलं तेवढंच घडलं.
पुस्तकं बाद. चित्रं बाद. हौसा बाद,
चंद्र, मीठ, पाइपवरचा तो माणूस.
मला काही विशेष वाटलं नाही.
रेडकर आठवडाभर बोलला नाही.
नंतर तो साड्यांचे काठ काढायचा.

परवा एक मुलगी आली, ऋजुता कांबळी, चुनाभट्टीहून,
पत्ता कुणी दिला तिलाच ठाऊक.
पिशवीत अंक त्रेचाळीस, कुणाच्या तरी माळ्यावरचा,
मधल्या पानावर वरणाचा डाग.
'हे अक्षर तुमचं ना? तुमचा ळ ओळखू येतो.'
आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या ळबद्दल बोललं.

पुढे काय झालं, ते विचारलं नाही तिने.
तिने स्वतःच काढलाय चव्वेचाळिसावा, वहीभर, पेन्सिलीने,
हौसाचं नाक रेडकरपेक्षा चांगलं.
फुगे मात्र सगळे आधी काढलेले. रिकामे.
'अक्षर तुमचं हवं.'

हात कापतो, म्हटलं. ऐकलंच नाही तिने.
पहिल्या चौकटीत दाराच्या अलीकडे एक माणूस, कान लावून.
त्याचा फुगा सुपारीएवढा.
'आलं' मावेल त्यात. 'नाही'सुद्धा मावेल.
निबवर जुनी शाई खडा होऊन बसलेली.
ती धुवायला मोरीत गेलो,
नळ सोडला.