फुटाला एक सूत

बारा बाटल्यांचे पैसे मोजले
आणि रिकाम्या हातानं सीबीटीला उतरलो, रात्री साडेनऊला.
"कुठं आहेत?" हिनं विचारलं.
नाहीत.
"फुटल्या?"
फुटायला काच यावी लागते. अजून काच नाही,
बूच नाही, लेबल कुठल्या भाषेत छापायचं तेही ठरलेलं नाही.
पावती आहे.
तिनं पावतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
भातात खडा लागल्यावर भाताकडं बघावं तसं.

तेलसंगच्या पुढं, जिथं सगळी शिवारं
हिरव्या जाळ्यांखाली द्राक्षं पसरून बेदाणा करतात,
तिथल्या शिवपुत्र हळिंगळीनं दोन एकर काळी द्राक्षं
वाळवायची सोडून पिळली.
थोरला भाऊ सहा महिने बोलत नव्हता.
शेडमध्ये आता नऊ लाकडी पिंपं, गोणपाटानं झाकलेली,
आणि दोन वर्षांचं थांबणं.
थांबायला पैसा लागतो,
म्हणून तो थांबणंच विकतोय, आगाऊ,
बाटलीमागं सहाशे.
तयार झाल्यावर हजाराखाली मिळणार नाही, म्हणतो.
मिळेलही, म्हणतो. दोन्ही एकाच दमात.

काचेच्या नळीनं त्यानं पिंपातून घोटभर ओढून दिलं.
कच्चं जांभूळ, शाई, गंजका खिळा.
जिभेची घडी पडली.
"चव बघू नका मामा," तो म्हणाला,
"हे कुठं चाललंय ते बघा."

मी चाळीस वर्षं उद्यमबागेत पॅटर्न केले.
पंप नसतानाच सागवानात पंप कोरायचा,
वाळूत त्याचा ठसा, ठशात लाल लोखंड,
आणि मग हात लावायचा नाही.
नव्या पोरांना तेवढंच जमायचं नाही, हात न लावणं.
कोरायचा तोही थोडा मोठा,
कारण लोखंड निवताना आटतं:
फुटाला एक सूत.
हे सूत ज्यानं धरलं नाही
त्याचा माल सरळ भंगारात.

मी शिवपुत्रला विचारलं, तुमचं किती आटतं?
पिंपावर थाप मारत म्हणाला, "लाकूड पितं की.
महिन्याला तांब्याभर. उन्हाळ्यात दोन.
तेवढं वरनं घालत राहायचं."
तेव्हा कुठं माझा हात पाकिटाकडं गेला.

भंगारवाल्या बाळू दड्डीकरनंही बारा घेतल्या होत्या.
पोटात अल्सर, थेंब चालत नाही.
सप्टेंबरात हुबळीच्या एका डॉक्टरला चिठ्ठी विकून
बाटलीमागं दीडशे सुटले त्याला, वाससुद्धा न घेता.
"तू बी काढून टाक," म्हणाला,
"उद्या आंबून शिरका झाला तर
लोणच्यात घालतोस काय बारा बाटल्या?"
मला उत्तर आलं नाही.
रात्रभर मात्र शिरका, शिरका होत राहिलं.

सकाळी ही पावट्याच्या शेंगा सोलत होती.
तीस वर्षं गल्लीची भिशी चालवली हिनं,
एक रुपया इकडचा तिकडं नाही.
"म्हणजे भिशीच की ही," एकदम म्हणाली.
"फक्त भिशीत बाया पळून जातात,
हितं द्राक्षं."

बाटल्या भरणार पुढल्या माघात.
त्यावर वर्षभर आडव्या ठेवा, म्हणतो.
मी मनातल्या मनात पट्टी लावतो:
वय त्र्याहत्तर, साखर, डाव्या डोळ्यातला पडदा.
आट धरून हिशेब करतो.
कधी बसतो, कधी चार बोटं कमी पडतं.

काल तिनं पावती मागून घेतली.
वर छापील कानडी, जी मी अक्षरं जोडत जोडत वाचतो,
खाली माझी मराठी सही.
हिची शाळा गोकाकची.
गोल गोल अक्षरांत तिनं माझ्या नावाशेजारी आपलं नाव घातलं
आणि पुढं आकडा: सहा.
म्हटलं, तू पीत नाहीस.
पावती भिशीच्या वहीत सरकवत म्हणाली,
"आज कुठं आहे ती, प्यायला?"