दिवाणातल्या सहाशे ऐंशी

कन्नमवार नगरात तळमजल्यावर
आपण गाद्या भिंतींना उभ्या टेकवल्या,
खिडकीच्या फटींत तुझ्या आईची जुनी लुगडी कोंबली
आणि पंखा बंद करून, घामाने निथळत,
सात दिवसांत नऊ गाणी धरायला बसलो.
मी बेसवर. बँकेत कावीळ झाल्याचं कळवून.

"दोनशे बल्ब पुठ्ठ्यात, एक आईच्या डोळ्यात" –
यातला 'एक' समेवर की समेच्या जरा अलीकडे
यात पावणेदोन तास गेले.
नेव्हिल गिटार मांडीवर आडवी टाकून म्हणाला,
"सुगंधा, ठेव ना कुठेपण, पब्लिकला काय कळतंय?"
त्या दिवशी तू त्याला चहा दिला नाहीस.

रेणकेमामा भांडुपहून आले,
संबळ लुंगीत गुंडाळून, बाजाराच्या पिशवीत.
हेडफोन त्यांनी मुंडाशावरूनच चढवला.
नेव्हिलची गिटार कानात शिरली तसे हसले,
"हे तर आपलं चौंडकंच. रागावलंय फक्त."
मग हात अडला.
"बाई, देवीला बोलावल्याबिगर पहिला टोला कसा घालू?"

तुझ्या गाण्यांत देवी नव्हतीच.
पॅकिंग खातं होतं, ओव्हरटाइम होता,
एक हलकट सुपरवायझर होता.
तू म्हणालीस, "बोलवा की. तिलाही कळू दे."
ते पुटपुटले, तुळजापूर, माहूर, कोल्हापूर,
मधेच एक नाव, बहुधा त्यांच्या गावच्या बांधावरचं.
मी बटण आधीच दाबलं होतं.

चौथ्या गाण्यात, दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर,
सोसायटीचा पंप सुरू झाला.
तुझा आवाज वर चढत होता
आणि खालून तो, घर्रर्र, थेट माझ्याच सुरात.
पुसून टाकू, म्हटलं.
"राहू दे. तुझ्यापेक्षा बरा वाजवतोय."

प्रकाशनाला एकतीस माणसं. त्यातली चौदा इंगवले.
एक अभ्यासक उठून म्हणाले, हा संबळाचा अपमान आहे.
मागच्या रांगेतला केस वाढवलेला पोरगा म्हणाला,
भारी आहे, पण मराठीत कशाला?
मामा पेढा खात दोघांनाही मान डोलावत होते.

पेपरात चार ओळी आल्या.
'सुगंधा इंगले यांचा स्वर आश्वासक.'
आईने कात्रण जपून ठेवलं,
बॉलपेनने मधे 'व' घुसवून.

आणि सेक्रेटरी परुळकरांचं पत्र, सही-शिक्क्यानिशी:
संस्थेच्या मालकीच्या पंपाचा ध्वनी
विनापरवानगी व्यावसायिक कारणासाठी वापरल्याबद्दल.
आपण पोट धरून हसलो.
नंतर रात्री माझ्या लक्षात आलं,
चौथ्या गाण्यापर्यंत नक्की पोचलेला
आपल्याला माहीत असलेला तो एकच श्रोता.

हजार काढल्या होत्या.
सहाशे ऐंशी माझ्या दिवाणात.
बायको विचारते, रजया कुठे ठेवू?
तू कल्याणला शाळेत शिकवतेस. फोनवर
गाण्यांचा विषय मी काढतो, तू डब्याचा काढतेस.

परवा मामांचा मुलगा बँकेत आला,
खातं बंद करायला, दाखला घेऊन.
म्हणाला, फोटो हायेत, आवाज कुठंच नाय.
मी म्हटलं, संध्याकाळी घरी या.

पहिल्या गाण्याच्या आधीचं ते पुटपुटणं.
टोला पडायच्या आत त्याने थांबवायला लावलं.
परत. परत. अकरा वेळा.
तुझा आवाज त्याने एकदाही सुरू होऊ दिला नाही.
बांधावरचं ते नाव त्याला ओळखू आलं,
मला सांगितलं नाही.

चपला घालता घालता विचारलं,
"याच्या फुडं काय हाय?"
गाणी आहेत, म्हटलं. नऊ.
"दोन द्या. एक बहिणीला."

सहाशे अठ्ठ्याहत्तर.