नाकापेक्षा मोती

उणे एकतीस.
दाराशी बूट आपटत तो आत येतो,
भुवयांवरचं बर्फ काउंटरच्या काचेवर ठिबकतं.
तेम्यूलेन. हे नाव पावती करताना कळलं.
आधी कळली यादी :
वहीचं पान, निळी शाई,
सर्वांत वर तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड, सेकंडहँड,
आणि पार खाली, बारीक अक्षरात,
चार लाख तुग्रिक.

उलानबातरच्या या तिसऱ्या मजल्यावर
अठरा वर्षं मी असल्या याद्या वाचतेय.
लोकांना वाटतं मी सुटे भाग विकते.
बहुतेक वेळ मी 'नाही' विकते,
आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

"डबा कुठला?"
तो फोनवर फोटो दाखवतो.
बँकेच्या लिलावातलं जुनं यंत्र, सडपातळ,
कडेला अजून मालमत्ता-क्रमांकाची चिठ्ठी,
शेजारी चूल, चुलीवर दुधाच्या चहाचं पातेलं.

मी मोजपट्टी काढते.
कार्ड अठ्ठावीस सेंटिमीटर. आत जागा सतरा,
तीही निम्म्या उंचीची.

"डबा बदलतो."
बदल. पॉवर सप्लाय दोनशे चाळीस वॅटचा,
या एकट्या कार्डाला त्याहून जास्त लागतात.
"तोही बदलतो."
बदल. पण कंपनीनं बोर्डाला दिलाय
स्वतःचाच प्लग, जगावेगळा,
बाजारातला सप्लाय त्यात शिरत नाही.
"मग बोर्ड..."
बोर्ड बदललास की प्रोसेसर बसत नाही,
प्रोसेसर बदललास की मेमरीची पट्टी चुकते,
तिची खाच नव्या पिढीत जराशी सरकवलेली,
कुणी मुद्दाम खोड काढावी तशी.
नाकापेक्षा मोती जड, पोरा,
आणि या मोत्यासाठी
तू अख्खं तोंडच नवं करायला निघालायस.

तो पान दुमडतो. पुन्हा उलगडतो.

"काय खेळतोस?" मी विचारते,
खरं तर ग्राहक जाऊ नये म्हणून.

"खेळत नाही फारसं.
भाऊ इंचॉनला असतो, पत्र्याच्या कारखान्यात.
रविवारी रात्री आम्ही तिथं भेटतो, डोंगरावर.
मागच्या अपडेटपासून माझा माणूस चालता चालता थिजतो.
तो पुढं गेलेला असतो.
मग मागं येतो,
आणि नुसता उभा राहतो शेजारी."

त्या तीन पंख्यांवर मला वीस हजार सुटले असते.
हे लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

मी खालचा खण उघडते.
तळहाताएवढं कार्ड, एकच पंखा,
वेगळी वायर मागत नाही,
बोर्डाच्या खाचेतूनच मिळेल तेवढं खातं,
पंचाहत्तर वॅट, त्याहून घास जास्त नाही.
तुमच्या टेकडीवर संध्याकाळी वीज वाकते ना?
"सातनंतर बल्ब लाल होतो."
मग हेच.
सोबत आठ जीबीची आणखी एक पट्टी,
तुझ्या जुनीच्याच वेगाची,
दोघी मिळून ओढतील.
तीन लाख पंचावन्न हजार.
उरले त्यात कोळसा घे.

तो कार्डाकडे बघतो,
थोरल्या बहिणीचं स्थळ बघायला जावं
आणि धाकटी समोर यावी तसा.
"सगळं दिसेल यात?"

सगळं नाही. सावल्या बंद कर.
गवत कमी कर, लांबचं धुकं राहू दे.
पण चालशील.

पैसे त्यानं दोनदा मोजले, मी एकदा.
डबी त्यानं देलच्या आत, पोटाशी खोचली.
जिन्यापर्यंत गेल्यावर मी हाक मारली :
ऐक, घरी पोचलास की लगेच लावू नकोस!
थंडीतून ऊबेत आल्यावर घाम फुटतो त्याला.
दोन तास तसंच ठेव. चुलीपासून लांब.

रात्री शटर ओढताना फोन वाजला. फोटो.
गालिच्यावर न उघडलेली डबी,
तिच्यासमोर मांडी घालून त्याची आई,
पाहुणा आल्यासारखी,
मध्ये चहाचा वाडगा.
खाली त्यानं लिहिलं होतं :
अजून चाळीस मिनिटं.
भाऊ पण थांबलाय.